मंदीचं खरं कारण

…आणि वर बायको मलाच विचारते, "दिवसभर एवढी माणसं बसलेली असतात आपल्या सलूनमध्ये, मग संध्याकाळी झाडताना केस कसे निघत नाहीत?" म्हटलं, अगं, मंदी आहे! कारखाने बंद पडले, माणसं पैसे वाचवायला केस वाढवायला लागली… मंदीच आली म्हटल्यावर माणूस काय करणार?

तुम्हाला सांगतो, ही मंदी आली कशामुळे, यावर आमच्या बाकड्यावर रोज सकाळपासून चर्चा! रिटायर्ड हेडमास्तर म्हणायचे (नाकात बोलतात हं), "लोकांनी ऐपतीबाहेर खर्च केला!" की लगेच विमा एजंट, "छे छे सर, लोक खर्चच करत नाहीत, तेच तर दुखणं आहे!" कामावरून काढलेला फिटर ओरडायचा, "यंत्रं आली, यंत्रं!" आणि मी? मी गप्प बसेन तर शपथ! आठवी नापास माणूस, पण एकदा कात्री हवेत धरून व्याजदरावर पाऊण तास बोललो. खुर्चीत गिऱ्हाईक होतं हो! एका बाजूचे केस कापून झालेले… बिचारा तसाच उठला आणि समोरच्या सलूनमध्ये गेला. मी म्हटलं, बघा, मंदीत माणसाचा धीर कसा सुटतो!

एक दिवस बायको रस्त्यापलीकडे उभी राहून बघत होती. माणूस दारात यायचा, भरलेलं बाकडं बघायचा, "बापरे, केवढी गर्दी!" म्हणायचा आणि समोर जायचा. तासाभरात सात! आत येऊन म्हणाली, "सापडलं तुमच्या मंदीचं कारण. हे बाकडं!" आम्ही सगळे पोट धरून हसलो. मोठमोठे विद्वान डोकेफोड करतायत, आणि ही म्हणते बाकडं! तीन महिन्यांत दुकानाला कुलूप लागलं… मंदीच आली म्हटल्यावर माणूस काय करणार?

आता त्या समोरच्याच सलूनमध्ये नोकरी करतो. मालक माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "काका, हात चालवा, तोंड नको." आरशात पाठीमागे माझंच बंद दुकान दिसतं. लाज वाटते हो, खोटं कशाला बोलू?

आणि परवा खुर्चीत येऊन बसले कोण? हेडमास्तर! मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, तीन वर्षं रोज माझ्याकडे येऊन बसलात, एकदाही केस कापून घेतले नाहीत?"

तर नाकातून म्हणाले, "कसे घेणार हो? तुमच्याकडे कायम गर्दी!"