काठोकाठ पिंप

फ्रान्सच्या ज्युरा भागातल्या एका डॉक्टरकडे नंबराची वाट बघणाऱ्या सोलांजच्या शेजारी दोन म्हातारे द्राक्षमळेवाले बोलत होते.

“आन्सेल्म, पोरगा आला म्हणे?”

“आला. पॅरिसचे मित्र घेऊन, मळे बघायला.”

“मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?”

“तळघरातलं पिवळ्या वाइनचं पिंप बघितलंन. म्हणतो, ‘बाबा, अर्धं रिकामं झालंय, लक्ष कुठंय तुमचं?’ आणि ताजी वाइन ओतून भरलंन काठोकाठ!”

“अरे देवा! ती आटत आटतच मुरते, त्यात थेंब घालायचा नसतो, वर धरलेली बुरशीची साय मोडते, एवढंही ठाऊक नाही?”

“सहा वर्षं हात लावला नव्हता मी.”

“त्याच तळघरावर जन्मला ना तो? कानाखाली नाही वाजवलीस?”

“‘बरं केलंस, बाळा,’ म्हणालो.”

“धन्य आहे तुझी!”

“सहा वर्षांनी घरी आला होता रे.”