खाटेवरची पट्टी

लिफ्टसाठी थांबलो होतो. पुढे दोन नर्स होत्या, एक थोरल्या सिस्टर आणि एक नवी.

"गोळी द्यायच्या आधी नावाच्या पट्टीवरचा कोड स्कॅन केला, स्क्रीनवर हिरवी खूण आली. मग माझं काय चुकलं, सिस्टर?"

"पट्टी कुठं असते?"

"पेशंटच्या मनगटावर. पण आजोबांना झोपेतून कशाला उठवायचं, म्हणून मी जास्तीची छापून खाटेला चिकटवली होती."

"आणि आजोबांनी खिडकीसाठी शेजाऱ्याशी खाट बदलली."

"मला काय स्वप्न पडणार होतं?"

"म्हणून तर हात धरायचा, बाई. कॉम्प्युटरला तू खाट दाखवलीस, त्यानं खाट ओळखली. मी पेशंटला नाव विचारलं नसतं तर?"

"आजोबांची गोळी शेजाऱ्याच्या पोटात. कळलं मला. आत्ताच वॉर्डभर फिरून खाटांवरच्या सगळ्या पट्ट्या फाडून आले. अकरा निघाल्या."

"अकरा? तू तर एकच छापलीस ना?"

"हो. छापणाऱ्याचं नाव खाली बारीक अक्षरात येतं, सिस्टर. चार पट्ट्यांवर तुमचं होतं."

लिफ्ट आली, उघडली, बंद झाली. दोघी जागच्या हलल्या नाहीत.

"त्याही फाडल्यास ना?"

"सगळ्यात आधी त्याच."