उजवी मांडी

बाबा गेल्यावर त्यांचा नळीने अन्न देणारा फीडिंग पंप परत करायला मी लंडनच्या, त्यांच्यावर उपचार झाले त्याच क्लिनिकमध्ये गेले होते. शेजारी एक काकू आणि इथेच वाढलेली त्यांची मुलगी बसल्या होत्या. मुलीच्या हातात ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म होता.

“आई, गालातला तो गाठ सार्कोमा आहे.”

“ती गाठ.”

“ती गाठ. सॉफ्ट टिश्यूची. म्हणजे मऊ कॅन्सर.”

“मऊ आहे ना? मग औषधाने विरघळेल.”

“नाही गं, मऊ भागात होतो म्हणून. खूप रेअर आहे. तीन हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तुझा तुकडा बघितला, मग नाव ठरलं.”

“माझ्या बारशालासुद्धा इतकी माणसं नव्हती.”

“गाल कापून तिथे मांडीचा तुकडा लावणार. रक्तवाहिन्या केसापेक्षा बारीक दोऱ्याने शिवतात.”

“आणि तो जगतो?”

“जगतो. नर्स दर तासाला हात लावून बघते, गरम आहे का.”

“मांडीला कळतं तरी का, आपण आता गाल झालो म्हणून?”

“आई, सही करशील?”

“कुठली मांडी घेणार?”

“कुठलीही चालते, म्हणाली सर्जन.”

“मग डावी घ्या म्हणावं. उजवीवर तू निजायचीस. पेन दे.”