बाहेरून नेलेली तार

मुलगी: ...प्रवाह मोजणारे दोन्ही शंट एकामागे एक जोडलेत, बाबा. दोघांतून तोच प्रवाह जातो. तुमचा चाळीस हजार अँपिअर दाखवतो, माझा छत्तीस.

बाबा: मग तुझा चुकतोय. माझ्या शंटवर या प्रयोगशाळेने बावीस वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवलाय.

मुलगी: माझा मी दोन ठिकाणांहून तपासून आणलाय.

बाबा: म्हणजे निवृत्त बापाला घरून बोलावलंस ते चारचौघांत नाक कापायला?

मुलगी: इथे दुसरं कोणी नाहीये. परवा तुमच्या शंटच्या आकड्यावर मी एक ब्रेकर पास केला. शॉर्ट झाला तर चाळीस हजारांचा प्रवाह तोडतो म्हणून सही दिली. खरं तर त्याने छत्तीसच तोडले. तो आता दवाखान्याच्या तळघरात बसलाय. तीनला वीज सोडणार. उद्या तिथे मोठा शॉर्ट झाला तर?

बाबा: आत्ता किती वाजले?

मुलगी: सव्वादोन.

बाबा: पाना दे.

(दोघं बाबांच्या शंटचं झाकण उघडतात.)

मुलगी: हे बघा! मोजणीची तार नळीच्या आतून, मधोमध हवी. ही बाहेरून गेलीय. एवढ्या उलटसुलट प्रवाहाच्या चुंबकत्वाने तिच्यात विजेचा जास्तीचा दाब तयार होतो, आकडा फुगतो. तुम्हीच शिकवलंत मला हे. कोणी केलं? फिटरने?

बाबा: त्याला मध्ये ओढू नकोस. मी केलं.

मुलगी: तुम्ही?

बाबा: जुनी तार जळून आत चिकटली होती. माझा शेवटचा आठवडा. नवी नळी करायची तर महिना गेला असता, आणि चाचण्यांची ही रांग.

मुलगी: निदान तपासायचा तरी!

बाबा: तपासला. डीसीवर. तंतोतंत जुळला.

मुलगी: डीसीवर जुळणारच! घोळ एसीवर, प्रवाह उलटसुलट फिरताना होतो!

बाबा: माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. म्हटलं, असून असून किती फरक असणार?

मुलगी: बाबा, तुम्ही निवृत्त झाल्यापासूनच्या या आठ महिन्यांत मी अकरा ब्रेकर पास केलेत.

बाबा: अकराही ब्रेकरची यादी काढ. आधी दवाखान्याला फोन लाव.

मुलगी: काय सांगू त्यांना? सही माझी आहे.

बाबा: तू नको. आण इकडे... नमस्कार. तो नवा ब्रेकर चालू करू नका. नाही, बाईंची चूक नाही. ज्या शंटवर तो मोजला, तो मी बिघडवलाय. हो, लिहून घ्या. सावकाश सांगतो.