कडू नको म्हणणाऱ्यांची बीअर

मी मूळचा गोडदेवचा, म्हणजे गोडदेव अजून गाव होतं तेव्हाचा. डी.एड. केलं, अकरा वर्षं एका खासगी शाळेत चौथीला शिकवलं, मग ती शाळा बंद पडली आणि मी वरसाव्याला, हायवेलगतच्या हॉटेलात, पिंपातून नळाने थेट ग्लासात ओतायच्या बीअरच्या काउंटरवर लागलो. मास्तर बीअर पाजतो म्हणून लोक हसले, हसू देत. काय सांगू तुम्हाला, काम तेच होतं. ज्या मुलाला भागाकार येत नाही त्याला आधी विचारायचं, बाळा, अडतंय कुठे, पाढ्यात की वजाबाकीत? इथेही गिऱ्हाईक म्हणतं, मला बीअर आवडत नाही, आणि मी विचारतो, साहेब, नेमकं काय आवडत नाही? कडूपणा, वास, की पोट फुगतं ते? कडूपणा हॉप्स नावाच्या फुलांचा असतो, गव्हाच्या बीअरमध्ये ही फुलं कमी घालतात, म्हणून कडू नको म्हणणाऱ्याला बहुधा ती द्यावी. बिनसाखरेची कॉफी पिणाऱ्याला मात्र काळी, भाजक्या धान्याची बीअर चालते. आधी विचारावं, मग ओतावं, एवढाच माझा नियम.

आमचे मालक विलासशेठ, आणि हॉटेलात अर्धी भागी त्यांच्या थोरल्या बहिणीची, मुर्ध्याच्या हिराताईंची. गेल्या वर्षी ताईंनी ठरवलं, हे काउंटर काढायचं आणि ज्यूसचं मशीन बसवायचं. म्हणाल्या, बाटली पितात ते पितात, ह्या नळाचा कडू पानी कोन पितंय? शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, मास्तर, ताईला एक ग्लास आवडला तर काउंटर राहील, नाहीतर उद्यापासून तू बँक्वेटला. बँक्वेटला म्हणजे लग्नाच्या हॉलात खुर्च्यांना कव्हरं घालायची, तीही वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

दुपारी ताई आल्या, पदर खोचून समोर बसल्या, आणि खरं सांगतो, मी घाबरलो. सगळ्यांना विचारणारा मी, ताईंना काही विचारलंच नाही. बायकांना गोड आवडतं असं धरून चाललो आणि आंब्याची गोड बीअर पुढे केली. एक घोट घेऊन ताई म्हणाल्या, आरं मास्तर, हा त खोकल्याचा औषद हाय! शेठ मोठ्याने हसले. मी ग्लास उचलला, चूक झाली म्हटलं, आणि मग विचारलं, ताई, पानात तुमचं सगळ्यात आधी काय संपतं?

ताई म्हणाल्या, ह्यो काय सवाल रं? चिंचेचा कालवन. मग आपणच बोलत गेल्या, की लहानपणी बापाबरोबर मिठागरावर जायच्या, कैरी दगडाने फोडायच्या, ओल्या मिठात बुडवून खायच्या, बाप ओरडायचा तरी खायच्या. मी ऐकत राहिलो आणि मला उत्तर सापडलं. आमच्या एका नळाला महिनाभर कुणी हात लावला नव्हता. त्यात गव्हाची आंबट बीअर होती, धणे आणि मीठ घालून केलेली, जर्मनीकडची जुनी पद्धत. मी छोट्या ग्लासात चार बोटं ओतली, फार गार नाही, कारण अति गारव्याने जीभ बधिर होते आणि चव कळत नाही.

ताईंनी वास घेतला, घोट घेतला, लगेच दुसरा घेतला. शेठ म्हणाले, काय गं ताई, सांग ना. तू गप रं, मना पिऊ दे, म्हणाल्या. ग्लास रिकामा करून माझ्यापुढे सरकवला. बगतोस काय मास्तर, भर की. नि संगती सुका बोंबील भाजून आन!

ज्यूसचं मशीन आलंच नाही. उलट नळ चाराचे सहा झाले. आता रविवारी ताई आपल्या नणंदांना घेऊन येतात, त्यांना माझ्यासमोर बसवतात आणि सांगतात, ह्याला आदी सगला खरा सांगा, मंग प्या. त्यातल्या एकीला अजून कुठलीच आवडलेली नाही, तिला मी कोकम सरबत देतो, तेही उत्तर बरोबरच धरतो. शेठनी एकदा थट्टेत पुन्हा बँक्वेटचं नाव काढलं, तर ताई म्हणाल्या, मास्तर हाय तवर काउंटर हाय, तूच जा खुर्च्या लावायला. देव त्यांना उदंड आयुष्य देवो, आणि जिभेला अशीच धार.