आबांच्या विहिरीचं पाणी

चहा झकास झालाय ना? श्रेय साखरेला देऊ नका, पाणी आमच्या विहिरीचं आहे. ह्याच पाण्यानं मला तीन महिने खोटं बोलायला लावलं.

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढतात. मी तिथं ऑपरेटर. एका रविवारी आमचे वडील, आबा, वीस लिटरचा कॅन घेऊन एसटीनं थेट गेटवर हजर.

"आपल्या विहिरीचं पाणी हाय. मशीनला घाल, ग्यास दाबून निघंल."

आता त्या मशीनला क्षार काढलेलंच पाणी लागतं. विहिरीचं घातलं असतं तर मशीनची वाट लागली असती. पण घामानं निथळणाऱ्या आबांना हे कुठल्या तोंडानं सांगू? "घालतो," म्हणालो आणि कॅन कँटीनला दिला.

पुढच्या रविवारी पुन्हा कॅन.

"मशीन कसं चाललंय रं?"

"लय भारी, आबा!"

दर रविवारी हेच. शेवटी मला राहवेना. आज खरं सांगायचंच, म्हणून गेटकडं निघालो, तर आबा वॉचमनला सांगत होते,

"मशीनला ह्ये पाणी चालत न्हाई, ठाव हाय मला. तुमीच न्हाई का पहिल्या दिवशी बोलला? पर ड्युटीपायी पोरगं गावाकडं फिरकत न्हाई. कॅन घ्यायला तरी भाईर येतंय."

मी चार पावलं मागं गेलो, मोठ्यानं खोकलो आणि मग पुढं आलो.

"आबा, मशीन लय पाणी प्यायला लागलंय. पुढच्या सुट्टीला मीच येतो कॅन भरून न्यायला."

आबा म्हणाले, "ये की. पर कॅन भरायला दोन दिस लागत्यात. तेवढी रजा टाकूनच ये."