वेदिकाने बदललेलं बटण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या आंबा-काजू कारखान्याचे व्यवस्थापक आदरणीय अनिलराव नागवेकर, मुंबईच्या मुख्य कार्यालयातून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या दीपालीताई, पाली आणि खेडच्या डेपोंतून आलेली मंडळी, माझे सर्व सहकारी आणि आजच्या सत्कारमूर्ती कुमारी वेदिका शिवलकर, सर्वांना सुजय मयेकरचा नमस्कार.

वेदिकाताई मुंबईला चालल्या. सगळ्या शाखांच्या नेटवर्कवर नजर ठेवायची जबाबदारी आता त्यांच्याकडे. मघापासून वक्ते सांगतायत, आम्हाला आनंद झाला. झाला असेल. मला झालेला नाही. त्या जागेसाठी मुलाखत माझीही झाली होती, दीपालीताईंना आठवत असेल. आमच्या घरातून तर डोंबिवलीला मेहुण्याच्या शेजारची खोलीसुद्धा बघून झाली होती. तेव्हा अध्यक्षांची परवानगी असेल तर मी आज खरं बोलतो. मला जळतं. चांगलं चरचरून जळतं.

का जळू नये, सांगा? या कंपनीत सर्व्हर आला तेव्हापासून तो माझ्या हाताखाली आहे. हंगामात पेट्या यायला लागल्या की दुपारपर्यंत सर्व्हर मान टाकायचा. वजनं चढेनात, पावत्या निघेनात, बाहेर बागायतदारांच्या गाड्या खोळंबलेल्या. मग फोन कुणाला? सुजयभाऊला. मी जायचो, सर्व्हर बंद करून परत चालू करायचो, की गाडी धावायला लागली. लोक फणस आणून द्यायचे हो! खेडवाले कोकमं पाठवायचे. नवी भरती झाली की आधी देव दाखवायचे, मग मला.

आणि मग या आल्या. आल्या आल्या भिंतीवर एक मोठा पडदा लावला. कोण पासवर्ड टाकून प्रोग्राममध्ये आत शिरलंय त्याचं नाव हिरवं, सर्व्हरवर ताण किती त्याची रेघ खाली. मी म्हटलं, दमलेल्या बैलाचं नुसतं तोंड बघून काय होणार? सगळे हसले. त्याही हसल्या. तेच मला आवडलं नाही.

आता गेल्या शिमग्याची गोष्ट. पालीच्या डेपोला सुट्टी, दाराला कुलूप, मंडळी झाडून सगळी पालखीमागे. आणि पडद्यावर पालीचा अख्खा डेपो हिरवागार! आमच्या मथुराकाकी, पालीच्या भांडारपाल, समोरच बसल्यात बघा, त्यांचं एकटीचं नाव तर आठ-दहा वेळा ओळीने पसरलेलं. मुंबईहून लगेच निरोप आला, पासवर्ड चोरीला गेलाय, नाहीतर बाईंनीच कुणाला दिलाय, चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसवा. निवृत्तीला आलेली बाई! मी काय म्हटलं असेल? सर्व्हर बंद करून चालू करूया. मला तेवढंच सुचायचं.

वेदिकाताईंनी मुंबईला कळवलं, मी स्वतः बघून येईपर्यंत थांबा. आणि एसटी पकडून पाली गाठली. काकींसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "काकी, संध्याकाळी काय करता ते जरा मला दाखवा."

काकींनी कॉम्प्युटरवर फडकं घातलं आणि हात जोडले. झालं.

"अहो, पण बंद कुठे केलंत?"

"अगो बाय, ऐन हंगामात 'बंद' म्हनू काय मी? दुकान वाढवायचा असतां. तो लाल बटन बगलास? 'बंद करा' लिवलाय. माज्या हातान नाय व्हायचा."

डेपोतल्या सगळ्यांचं तेच. काकी बटण दाबत नाहीत म्हणजे कुणीच दाबत नाही. सकाळी जो तो कालचं तसंच ठेवून नव्याने आत शिरायचा, नाहीतर काकीच आपल्या नावाने सगळी यंत्रं उघडून द्यायच्या. जुनी माणसं आतच, वर नवी माणसं, सर्व्हर बिचारा किती जणांना सांभाळणार? मी चालू-बंद केलं की सगळे एकदम बाहेर फेकले जायचे, म्हणून तर तो धावायचा.

आता मंडळी, ते 'बंद करा' हे शब्द कुणाचे? माझे. सगळा प्रोग्राम मराठीत मी आणलाय. शुद्ध मराठी आहे, चूक काय त्यात? पण या परत आल्या, काकींना अक्षराने बोलल्या नाहीत, मुंबईला कारण समजावलं आणि बटणावरचे माझे शब्द काढून तिथे एकच शब्द घातला. 'येतो'.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाली रिकामी. काकी तर बटण दाबताना तोंडानेही म्हणतात, "येतंय गो बाय." त्या हंगामात सर्व्हरने एकदाही मान टाकली नाही. काकींची नोकरी राहिली. आणि माझा फोन वाजायचा थांबला. फणसही थांबले. परवा मथुराकाकींचा फोन आला तेव्हा मी धावत जाऊन उचलला. काकी म्हणाल्या, "सुजय, वेदिकाचा मुंबयचा नंबर काय रे?"

हसा, हसा. काकी, तुम्ही तर हसाच.

आता निघणाऱ्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, हा कंपनीचा नियम. ते काम माझ्याकडे. वेदिकाताई, सकाळी मी त्यासाठी बसलो. आपल्या हाताने तुमचं नाव पुसायचं, याहून मोठं सुख मला काय हवं होतं? पण जमलं नाही हो. तुमचं नाव हिरवं दिसतंय तोवर मला जळायला कुणीतरी आहे. उद्या तिथे मी एकटा.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलं मला दिसलं. आयोजकांचे, चहा-खाजं सांभाळणाऱ्यांचे आणि एवढा वेळ जळका वास सहन करणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहिला असेल, नको तो शब्द गेला असेल, तर आपल्याच घरातला म्हणून पोटात घाला.

आणि वेदिका, आता 'तुम्ही' पुरे झालं. हार घेतलास की सर्व्हरच्या खोलीत चल आणि ते तू बदललेलं बटण तुझ्या हाताने दाब. मी नाही दाबणार. 'येतो' म्हण आणि जा. फक्त लगेच येऊ नकोस. निदान हा एक हंगाम फोन मला येऊ दे.